परदेशीची वाट आणि आपला किनारा

रेवसच्या धक्क्यापासून हरिहरेश्वराच्या कातळापर्यंतचा किनारा म्हणजे जुना कुलाबा जिल्हा. १ जानेवारी १९८१ रोजी त्याचे नाव रायगड झाले, तरी आमच्याकडची वडीलधारी मंडळी अजून कुलाबाच म्हणतात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माड, पोफळी, भातखाचरे नि वस्ती. भात, नारळ, सुपारी यांच्या कामानिमित्त गेली कित्येक वर्षे या पट्टीत माझी फिरती चालू आहे. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या माळा ओट्यावर टांगलेल्या दिसतात, श्रीवर्धनला रोठा सुपारी अंगणात वाळत पडलेली असते. पण या किनाऱ्याचे एक पीक असे आहे की ते आमच्या कोणत्याच पीकपाहणीत येत नाही. ते म्हणजे परदेशी जाणारी माणसे. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांत अशी पुष्कळ घरे आहेत की ज्यांचा कोणी कुवेतला आहे, कोणी सौदीला, कोणी दुबईला, आणि कोणी बोटीवर.

त्यामुळे होते काय, की मी पोफळीवरच्या कोळे रोगाला बोर्डो मिश्रण कधी फवारावे हे सांगायला जावे, आणि घरातल्या आजीने विचारावे, "साहेब, नातू आफ्रिकेच्या बोटीवर चाललाय. त्याला कसलं इंजेक्शन घ्यायला सांगतात?" मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण खेड्यात कागद वाचणारा म्हटला की त्याला सगळेच विचारतात. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मंडळींशी वेळोवेळी बोलून, सरकारी पत्रके वाचून जे पक्के कळले ते या किनाऱ्याच्या वाटेवाटेने सांगतो. औषधाचे नाव आणि मात्रा शेवटी डॉक्टरांनीच ठरवायची, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

परदेशीची ये-जा इथे आजची नव्हे. रेवदंड्याशेजारचे चौल हे एके काळचे नामांकित बंदर. रशियातला अफनासी निकितीन नावाचा व्यापारी इ. स. १४६९ च्या सुमारास विकायचा घोडा घेऊन चौलला उतरला. तिथून तो जुन्नरला गेला आणि पावसाळ्यात तिथेच अडकून पडला. चार महिने पाऊस आणि चिखल, अशी नोंद त्याने केली आहे. आपल्याला त्याचे काय नवल! हा माणूस इतके फिरून परतीच्या वाटेला लागला, पण घरी काही पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे वाटेतच वारला. पुढे पोर्तुगीज आले. त्यांची खूण कोर्लईच्या बोलीत आजही सापडते. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात पटकीचे वर्णन केले आहे, आणि त्या रोगाला त्याने दिलेले नाव आपल्या 'मोडशी' या शब्दावरून घेतलेले आहे. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला आपल्याकडचे पाणी बाधते, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

माणसाबरोबर रोग प्रवास करतो हे शेतकऱ्याला पटवावे लागत नाही. माडाच्या झावळ्यांच्या खालच्या अंगाला गोल गोल पांढरी नक्षी काढणारी आणि खालच्या पानांवर काळी काजळी धरायला लावणारी पांढरी माशी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती मूळची मध्य अमेरिकेकडची. भारतात ती प्रथम २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीच्या बाजूला सापडली आणि आज कोकणातल्या वाड्यांतही दिसते. परदेशातून येणारी रोपे नि बियाणे बंदरावर अडवून तपासण्याचा कायदा आपल्याकडे १९१४ पासून आहे, तरीही असे होते. मग माणसांच्या बाबतीत तपासणी, दाखला, लस यांचा एवढा आग्रह का धरतात ते निराळे सांगायला नको.

आता उरणला चला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि मिठागरे व भातशेती यांच्या या तालुक्यात जगभरची जहाजे येऊ लागली. तिथे केंद्र सरकारचे बंदर आरोग्य कार्यालय आहे. जहाजावर उंदीर, डास, आजारी माणूस आहे काय हे पाहणे हे त्याचे काम. आंतरराष्ट्रीय नियम असा की बंदराच्या आवारापासून निदान ४०० मीटरपर्यंत रोग पसरवणाऱ्या डासांची पैदास होऊ द्यायची नाही. याचे मुख्य कारण म्हणजे पीतज्वर.

पीतज्वर हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या खंडांतला रोग. ताप, उलट्या, कावीळ, रक्तस्राव, आणि पुष्कळदा मृत्यू. तो पसरवणारा डास कोणता, तर आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा पांढऱ्या पट्ट्यांचाच डास. म्हणजे डास आपल्या परसात हजर आहे, फक्त रोगाचा विषाणू नाही. तो कोणाच्या रक्तातून एकदा आत आला तर काय होईल, ही सरकारची धास्ती. ती निराधारही नाही. २०१६ मध्ये अंगोला देशात मोठी साथ आली तेव्हा तिथे काम करणारे ११ चिनी नागरिक आजार घेऊन चीनमध्ये परतले होते. नशिबाने पुढे प्रसार झाला नाही. म्हणून आपला कायदा कडक आहे. पीतज्वराच्या देशातून निघून ६ दिवसांच्या आत जो भारतात उतरेल आणि ज्याच्याजवळ लसीचा वैध दाखला नसेल, त्याला विलगीकरणात ठेवतात, आणि ही मुदत ६ दिवसांपर्यंत असू शकते. दोन वर्षांनी घरी येणारा मुलगा मुंबईत उतरूनही आठवडाभर आईला भेटत नाही, असे यातून होते.

ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत बंदर आरोग्य आणि विमानतळ आरोग्य संघटनेची अशी केंद्रे आहेत. पासपोर्ट बरोबर लागतो, आधी वेळ ठरवावी लागते. एकच टोचणी, पण दाखला टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो. तेव्हा जहाज धरायच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. ९ महिन्यांखालचे मूल, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेला माणूस, गरोदर बाई, साठीच्या पुढचा माणूस, यांनी डॉक्टरांना आधी स्पष्ट सांगावे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पूर्वी हा दाखला १० वर्षे चाले. ११ जुलै २०१६ पासून तो जन्मभर चालतो, आणि त्याआधी घेतलेल्या लसीचा जुना दाखलाही चालतो. तेव्हा ट्रंकेतली पिवळी पुस्तिका जुनी झाली म्हणून टाकून देऊ नका.

या पिवळ्या पुस्तिकेचीही गंमत आहे. जुन्या खलाशांच्या पुस्तिकेत देवीचे आणि पटकीचे शिक्के सापडतात. पटकीच्या दाखल्याची सक्ती १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांतून गेली. देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे मे १९८० मध्ये जाहीर झाले, आणि देवी टोचल्याचा शिक्काही गेला. आता एक पीतज्वरच उरला आहे. रोग असा मुळासकट गेलेला पाहायला मिळाला ही आमच्या पिढीची मिळकतच म्हणायची. पिकाच्या रोगांत असे भाग्य अजून माझ्या वाट्याला आलेले नाही.

लस घेतली म्हणजे सारे झाले असे मात्र नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पीतज्वरापेक्षा अधिक माणसे हिवताप मारतो, आणि त्यावर खलाशाला टोचून पाठवावी अशी लस नाही. श्रीवर्धनच्या दक्षिणेकडच्या एका गावातली हकिगत मी विसरलेलो नाही. घरचा धाकटा बोटीवर होता. बोट पश्चिम आफ्रिकेच्या एका बंदराबाहेर तीन आठवडे नांगरून पडली होती. बोटीवर हिवतापाच्या गोळ्या मिळत होत्या, त्या तो घेतही होता. मुंबईला उतरला आणि गोळ्या बंद केल्या, कारण आता घर आले! बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. जूनचे दिवस, पेरणीची गडबड. हवा बदलली, पाऊस डोक्यावर घेतला, असे म्हणून तीन दिवस तापाच्या गोळीवर काढले. मग दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, "कुठून आला?" घरचे म्हणाले, "मुंबईहून." आमच्याकडे बोटीवरून आलेल्याला असेच म्हणायची पद्धत आहे, त्यात कोणी खोटे बोलले नव्हते. रक्त तपासायला आणखी दोन दिवस गेले. तोवर हिवताप मेंदूत चढला होता. मुंबईला हलवले, पण उपयोग झाला नाही. चौतिशीचा जवान माणूस गेला. त्या साली त्यांच्या खाचरात लावणी भावकीने केली.

यात समजून घेण्यासारखी गोष्ट अशी की हिवतापाचे जंतू डास चावल्यावर लगेच रक्तात वाढत नाहीत. ते प्रथम यकृतात जाऊन बसतात, तिथे वाढतात आणि मग काही दिवसांनी रक्तात उतरतात. म्हणून या गोळ्या देश सोडल्यानंतरही घ्यायच्या असतात. गोळीच्या जातीप्रमाणे काही ७ दिवस, काही तब्बल ४ आठवडे. फवारणीचे वेळापत्रक मध्येच सोडले तर काय होते हे बागाईतदाराला ठाऊक आहे. इथेही तोच हिशेब, फक्त पणाला माड नसून माणूस असतो. आणि परदेशातून आल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप आला तर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगायचे, की हा अमुक देशातून अमुक तारखेला आला आहे. त्यानंतरही वर्षभर ताप आला तरी सांगावे. रक्ताची तपासणी आरोग्य केंद्रात फुकट होते, पट्टीवरच्या चाचणीला पाव-अर्धा तास लागतो. औषधही तिथेच मिळते. वेळेवर घेतले तर माणूस बरा होतो.

अलिबाग सोडून मुरूडकडे जाताना काशीदच्या पुढे समुद्र अगदी रस्त्याला येऊन भिडतो. मग राजपुरीची खाडी आणि पाण्यातला जंजिरा. हा किल्ला सिद्दींचा, आणि सिद्दी मूळचे आफ्रिकेतल्या हबसाणातले. तिथून माणसे इथे आली, इथली माणसे आता तिथे जातात. आगरदांड्याहून जंगलीने पलीकडे दिघीला उतरले की म्हसळा-श्रीवर्धनचा मुलूख लागतो. इथल्या गावांचा ओढा अरबी देशांकडे.

आखातात जाणाऱ्याची व्हिसापूर्वी वैद्यकीय तपासणी होते. क्षय, कावीळ ब आणि क, एड्सचे विषाणू हे सारे पाहतात. छातीच्या फोटोत जुन्या क्षयाचा डाग निघाला तर नोकरी हुकते. म्हणून तपासणीला पैसे भरून ऐन वेळी धक्का खाण्यापेक्षा, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधीच गावच्या आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाचे औषधही सरकारकडून फुकट आहे. हिपॅटायटिस ब ची लस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, तेव्हा जायचा विचार पक्का झाला की पहिली टोचणी घ्यावी.

तिथला मोठा शत्रू म्हणजे ऊन. कोकणातला माणूस म्हणतो, घामाची आपल्याला सवय आहे. पण आपल्याकडे ढग आहे, वारा आहे, माडाची सावली आहे. तिथे उघड्यावरच्या बांधकामात अंगाला ऊन सोसायची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, आणि नव्या माणसाला उष्माघात होतो तो याच दिवसांत. कुवेत, अमिरात या देशांत उन्हाळ्यात भर दुपारच्या उघड्यावरच्या कामाला कायद्याने बंदी आहे, हे जाणाऱ्याने माहीत करून घ्यावे. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावे. आपली मीठ घातलेली भाताची पेज यासाठी उत्तम. आमच्या आज्यांनी लावणीच्या बायांना ती उगाच दिली नाही. जुलाब झाले तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असावे.

सामान बांधतानाची एक गोष्ट माय-माउल्यांसाठी. मुलाच्या डब्यात खसखस लावलेले अनारसे देऊ नका, खसखशीची पुडी तर नाहीच. अमिरातीत आणि सौदीत खसखस अफूच्या वर्गात मोडते, त्यापायी माणसे तुरुंगात गेली आहेत. तसेच खोकल्याचे कोडीनयुक्त औषध, दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या परवानगीशिवाय नेऊ नयेत. रक्तदाबाची, साखरेची औषधे मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. प्लास्टिकच्या पिशवीत सुट्या गोळ्या बांधून देऊ नये.

हजला जाणारी वडील मंडळी या भागात पुष्कळ. पूर्वी मुंबईहून बोटीने जात; ती सोय १९९५ साली बंद झाली. त्याच्याही आधी, इंग्रजी अमदानीत, यात्रेकरूंना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर उतरवून पटकीसाठी अडवून ठेवीत. आता विमानाने काही तासांत पोहोचतात, पण मेंदूज्वराची चार प्रकारांवरची लस घेतल्याशिवाय प्रवेश नाही, आणि तीही पोहोचण्याआधी निदान १० दिवस. फ्लूची लसही वृद्धांनी घ्यावी. २०२४ च्या जून महिन्यातल्या हजमध्ये मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला आणि सौदी सरकारने १,३०१ मृत्यू जाहीर केले. त्यांतले बहुसंख्य रीतसर परवान्याशिवाय आलेले होते, म्हणजे ज्यांना थंड तंबू नाही की वाहन नाही. कोणी दलाल स्वस्तात नेतो म्हणाला तर हा आकडा आठवावा. छत्री, पाण्याची बाटली, आणि उंटाच्या जवळ न जाणे, कारण २०१२ मध्ये तिकडे सापडलेला मर्स नावाचा श्वासाचा आजार उंटांपासून माणसाला होतो.

जाणाऱ्यांचे झाले. येणाऱ्यांचे काय? अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. आपले पूर्वज जहाज फुटून याच किनाऱ्याला लागले अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा. तेलाच्या घाण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. त्यांतले बहुतेक १९४८ नंतर इस्राएलला गेले. आज त्यांची मुले-नातवंडे जुने गाव नि अलिबागचे सिनेगॉग पाहायला येतात, आणि म्हातारी माणसे अस्सल कुलाबी मराठी बोलतात. तीच गत कुवेतहून सुटीला आलेल्या नातवंडांची. जीभ आपली, पोट मात्र तिकडचे. जन्मापासून शुद्ध केलेले पाणी प्यायलेल्या पोराला आपल्या विहिरीचे पाणी दुसऱ्या दिवशी इंगा दाखवते. आणि यांची आई-बापे लस वगैरे घेऊन येत नाहीत, कारण त्यांच्या मनाने ती परदेशी येत नसतात, घरी येत असतात. विषमज्वर आणि कावीळ अ या दोन लसी त्यांनी तिकडूनच घेऊन याव्या असे फोनवर सांगायला हरकत नाही.

पाहुणे येण्याआधी विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकावी. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्यावा, त्याला त्यानेच गुणावे, मग पाण्याच्या खोलीने गुणावे आणि आलेल्या आकड्याला ७८५ ने गुणावे. इतके लिटर पाणी. अडीच मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर सुमारे २०,००० लिटर होते. दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली, ताजी पावडर, म्हणजे ५० ग्रॅम पुरे. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि तासभर कोणी पाणी काढू नये. उघडी पडलेली, वास गेलेली पावडर कामाची नाही. लहान मुलांना त्याउपर उकळलेले पाणी द्यावे. किनाऱ्यावरचा बर्फाचा गोळा टाळावा. शहाळे आपल्यासमोर फोडलेले, ताडगोळे आपण सोललेले खुशाल खावे.

वाडीत फेरी मारून करवंट्या, फुटके डबे, आणि पोफळीखाली पडलेल्या विऱ्या उचलाव्यात. विरी उताणी पडली की ओंजळभर पाणी धरते आणि आठ-दहा दिवसांत त्यात डेंग्यूचे डास तयार होतात. शिंपणाच्या डोणी आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्या.

पावसाळ्यात आलेल्या मुलांना लावणी पाहायची, चिखलात उतरायची भारी हौस. उतरू द्यावे, पण पायाला खरचटलेले असेल तर नाही. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून चिखलात येणारे लेप्टोचे जंतू जखमेतून शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. ताप, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल, पुढे कावीळ आणि मूत्रपिंडे निकामी, असा त्याचा क्रम. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत असा ताप आला तर चिखलात उतरलो होतो हे डॉक्टरांना सांगावे. प्रतिबंधक गोळी आठवड्याला एक अशी असते, ती डॉक्टरांनी दिली तरच. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती चालत नाही. हे मुलांपुरतेच नाही, रोज खाचरात उभ्या राहणाऱ्या आपल्या बायांना तर आधी लागू आहे. बांधावरचे उंदीर साऱ्या गावाने एकाच दिवशी मारावे. एकट्याने मारले तर शेजारचे येतात.

किनाऱ्यावरचे कुत्रे चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना भरू नये, आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. पाहुणा मध्येच परत जाणार असेल तर उरलेल्या टोचण्यांच्या तारखा चिठ्ठीवर लिहून घ्याव्या, म्हणजे तिकडचा डॉक्टर पुढे चालवतो.

परवा हरिहरेश्वरच्या वाटेवर एका घरी गेलो होतो. मुलगा महिन्याभरात मोझांबिककडे जाणाऱ्या बोटीवर रुजू व्हायचा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्या बायकोने पीतज्वराच्या टोचणीची तारीख, त्यापुढचा दहावा दिवस आणि हिवतापाच्या गोळ्या सुरू करायचा दिवस लाल पेन्सिलीने खूण करून ठेवले होते. सुपारीच्या फवारणीची तारीख मी त्याच पानावर खाली लिहून दिली.